वाचकांचे प्रश्न : इंटरनेटच्या धंद्याला पैसा कुणाचा घ्यायचा?

यावेळच्या टपालात आणि मेलमध्ये एकाच विषयावरची बरीच पत्रं आली, घरोघरी इंटरनेट देणाऱ्या छोट्या कंपन्यांनी पैसा कुठून उभा करायचा. त्यातली चार घेतोय. नावं छापत नाही, घरातल्या पैशाच्या गोष्टी आहेत.

प्रश्न : आमचं वडिलांपासून जुळे सोलापूर आणि विजापूर रोड भागात केबलचं काम आहे. नंतर एका मोठ्या कंपनीची फ्रँचायजी घेऊन इंटरनेट सुरू केलं. आज १,४०० कनेक्शन चालू आहेत, जीएसटी सोडून सरासरी ४५० रुपये येतात, कंपनीचा वाटा, पोरांचे पगार, पोलचं भाडं, लाइट बिल सगळं जाऊन महिन्याला दीड लाख राहतात. आता मोहोळपर्यंत फायबर न्यायचंय आणि जुन्या ओएलटी (फायबरवर इंटरनेट सोडणारी आमच्याकडची मुख्य पेटी) बदलायच्यात, ६० लाख लागतील. पुण्यातले एक साहेब ६० लाख देतो म्हणालेत पण ३० टक्के मालकी मागतात, आणि म्हणतात पुढे मोठा व्हीसी, म्हणजे व्हेंचर कॅपिटल फंडवाला, मी आणून देतो. बँकेची भीती वाटते. घेऊ का पैसे?

उत्तर : दादा, आत्ता घेऊ नका. का ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारखी पत्रं बार्शी आणि पंढरपूरहूनही आली आहेत.

६० लाखांना ३० टक्के म्हणजे पैसे आल्यानंतर तुमच्या धंद्याची किंमत २ कोटी धरली, आजची १ कोटी ४० लाख. वर्षाला १८ लाख शिल्लक पडणाऱ्या फ्रँचायजीला हा भाव अजिबात वाईट नाही, उलट चांगला आहे, आणि मला काळजी त्याचीच वाटते. कारण तुमचे १,४०० ग्राहक कागदावर तुमचे आहेत का? लायसन्स मोठ्या कंपनीचं, ग्राहकाचा फॉर्म आणि केवायसी तिच्या नावावर, बिल तिच्या सिस्टिममधून निघतं. उद्या तिनं करार मोडला तर तुमच्याकडे खांबावरची वायर, ओएलटी आणि लोकांची ओळख एवढंच राहतं. साहेबांनी हे बघितलं नसेल तर सही करायच्या आधी त्यांचा वकील बघेलच आणि भाव खाली येईल. आणि बघूनही भाव तोच ठेवला असेल तर करारात कुठंतरी पैसे परत घ्यायचं कलम असणार, ठरावीक वर्षांनी तुम्हीच त्यांचे शेअर ठरल्या भावानं विकत घ्यायचे असं. तसं कलम असलं तर ते मालकीचं सोंग घेतलेलं कर्जच झालं, आणि महाग कर्ज.

आता व्हीसीचं. व्हेंचर कॅपिटल फंड हा दुसऱ्यांचा पैसा सांभाळतो, सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियमांखाली नोंदलेला असतो, त्यात पैसे टाकणारा साधारण किमान १ कोटी टाकतो आणि फंडाची मुदत ठरलेली असते, बहुतेक वेळा आठ-दहा वर्षं. त्या मुदतीत सगळं विकून पैसे परत द्यायचे असतात. दहा कंपन्यांत टाकले तर बऱ्याच बुडणार हे त्यांना माहीत असतं, म्हणून एक-दोन तरी वीस-तीस पट व्हायला पाहिजेत, नाहीतर फंडाचं गणित बसत नाही. तुमचा धंदा तसा वाढतच नाही हो. प्रत्येक नव्या घरासाठी खांबापासून घरापर्यंतची ड्रॉप वायर, ओएनयू (ग्राहकाच्या घरातली फायबरची पेटी), एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरमधला पोर्ट आणि शिडीवर चढणारा पोरगा लागतो, घर वाढलं की खर्चही वाढतो. हा दर महिन्याला पैसे देणारा चांगला धंदा आहे, पण दोन वर्षांत दहापट होणारा नाही. व्हीसी आला तर तो तुम्हाला दहापट पळवायला बघणार, मोहोळच्या आधी लातूर-कलबुर्गीला ओएलटी बसवायला लावणार, आणि तिथं जिओ-एअरटेलनं भाव पाडला की पैसे संपणार.

लोकांच्या डोक्यात २०२० च्या बातम्या बसल्यात. फेसबुकनं जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्क्यांसाठी ४३,५७४ कोटी टाकले, गूगलनं ७.७ टक्क्यांसाठी ३३,७३७ कोटी, मधे केकेआर, सिल्व्हर लेक, जनरल अटलांटिक वगैरे परदेशी गुंतवणूकदार. पण तो पैसा कोट्यवधी ग्राहक आधीच असलेल्या कंपनीत आला आणि त्यातले बरेच प्रायव्हेट इक्विटीवाले, म्हणजे चालत्या धंद्यात मोठी रक्कम टाकणारे. वायरच्या इंटरनेटमध्ये देशात जास्त करून असाच पैसा आला, बंगळूरच्या एसीटी या इंटरनेट कंपनीत आलेला पैसासुद्धा प्रायव्हेट इक्विटीचाच. टिकोना या वायरलेस इंटरनेट कंपनीची गोष्ट तर जरूर माहीत पाहिजे, मागे गोल्डमन सॅक्ससारखा गुंतवणूकदार होता, तरी शेवटी २०१७ मध्ये ४जीचा धंदा स्पेक्ट्रमसकट (लहरी वापरायच्या हक्कासकट) एअरटेलला साधारण १,६०० कोटींना विकायचं ठरलं, म्हणजे विकत घेणाऱ्याला मोल वाटलं ते जास्त करून स्पेक्ट्रमचं. आणि २०१८ मध्ये रिलायन्सनं डेन आणि हॅथवे या केबल कंपन्यांत मोठा हिस्सा घेतला तेव्हा त्यांना गल्लोगल्ली पोचलेली केबल आणि ग्राहक हवे होते. म्हणजे बघा, या धंद्यात किंमत येते ती लायसन्स, स्पेक्ट्रम आणि स्वतःच्या नावावरच्या ग्राहकाला.

म्हणून पहिलं काम, स्वतःचं लायसन्स. युनिफाइड लायसन्सच्या पद्धतीत आयएसपीचे, म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचे, तीन वर्ग होते, ए म्हणजे सगळा देश, बी म्हणजे टेलिकॉम सर्कल (साधारण एक राज्य), सी म्हणजे एसएसए, आपल्याकडं ढोबळमानानं जिल्हा धरा. एंट्री फी ए ला ३० लाख, बी ला २ लाख आणि सी ला फक्त २० हजार, वर बँक गॅरंटी. २०२३ चा नवा टेलिकॉम कायदा आल्यापासून लायसन्सच्या जागी ऑथरायझेशनची पद्धत येतेय, त्यामुळे अर्ज करताना दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरचे त्या दिवशीचे आकडेच धरा. अर्ज प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावानं करायचा, तुमची फर्म प्रोप्रायटरी असेल तर आधी कंपनी काढा. आणि लायसन्स आलं की एजीआरवर (ठरलेल्या वजावटी करून उरलेल्या उत्पन्नावर) ८ टक्के लायसन्स फीची सवय लावून घ्या, स्टेटमेंट वेळच्या वेळी भरा, कारण ऑक्टोबर २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या एजीआर निकालानं टेलिकॉम कंपन्यांवर जुनी मोठी थकबाकी आली, आणि तेव्हापासून कुणीही पैसे टाकणारा पहिल्यांदा हीच फाइल उघडतो. फ्रँचायजीच्या करारात ग्राहक हलवायला बंदी आहे का तेही वकिलाकडून वाचून घ्या, बरेच जण इथंच अडकतात.

आता बँक. भीती वाटणं बरोबर आहे, ६० लाख एकदम घेऊच नका. समजा ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १ लाख ३० हजारांच्या आसपास येतो, दीड लाखातून तो भरला तर घरी काय नेणार आणि पावसात लाइन गेली तर दुरुस्तीला काय उरणार. ३० लाख घ्या, हप्ता ६५ हजार. त्यात जुन्या ओएलटी बदला, चालू ग्राहक सांभाळा आणि मोहोळच्या रस्त्यावर जिथं सोसायट्या, हॉस्पिटलं, कोचिंग क्लास आहेत तेवढाच पट्टा आधी घ्या. नव्या ग्राहकाकडून सहा महिन्यांचा प्लॅन आगाऊ घेतला तर ओएनयूचा खर्च तिथंच निघतो, हा सगळ्यात स्वस्त पैसा आहे आणि लोक त्याला भांडवल म्हणतच नाहीत. घर गहाण ठेवायचं नसेल तर बँकेत सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी योजनेखाली कर्ज मागा, एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी झालीय. फक्त एक लक्षात ठेवा, ती गॅरंटी बँकेला असते, तुम्हाला नाही. हप्ते थकले तर बँक तुमच्याच मागं येणार.

पुण्याच्या साहेबांना नाही म्हणायची गरज नाही, लायसन्स नावावर आल्यावर बोलू म्हणा. तेव्हा तेच ६० लाख बहुतेक कमी हिश्शात मिळतील.

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. ओळखीतला एक जण इंटरनेट कंपनी काढतोय, कारखान्यातल्या लोकांकडून ५०-५० हजार घेतोय, महिन्याला ३ टक्के देणार आणि कंपनी मोठी झाली की शेअरही देणार. व्हॉट्सॲपवर ग्रुप पण आहे, त्यात सव्वादोनशे लोक आहेत. माणूस चांगला आहे.

उत्तर : माणूस चांगला असेलही, पण पैसे देऊ नका, आणि दिले असतील तर आजच परत मागा. महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्के, वायर टाकून महिन्याचं बिल गोळा करणारा कुठलाही धंदा सुरुवातीच्या वर्षांत एवढं कमवत नाही, मग ते व्याज नव्या आलेल्या माणसाच्या पैशातूनच जाणार. दुसरं म्हणजे हे कायद्यात बसत नाही. असे लोकांकडून ठेवी घेणं २०१९ च्या अनियंत्रित ठेवी बंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तुरुंगवासाची शिक्षा आहे. आणि शेअर द्यायचे म्हटलं तरी २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे प्रायव्हेट प्लेसमेंटची (निवडक लोकांनाच शेअर द्यायची) ऑफर आर्थिक वर्षात २०० लोकांपर्यंतच करता येते, ती सुद्धा प्रत्येकाला नावानिशी पत्र देऊन, पैसे बँकेतून वेगळ्या खात्यात घेऊन. ग्रुपवर मेसेज टाकून नाही.

खरोखर भागीदार करायचं असेल तर तो तुम्हाला शेअर सर्टिफिकेट देईल आणि शेअर दिल्याचा पीएएस-३ फॉर्म एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी खात्याच्या) साइटवर भरेल, तो कुणालाही बघता येतो. तो दिसत नसेल तर तुम्ही भागीदार नाही, तुम्ही फक्त पैसे दिलेत. आपल्या शहरात यंत्रमाग कामगारांचे, विडी कामगार बायकांचे पैसे भिशी आणि स्कीममध्ये जाताना मी फार बघितलेत, म्हणून इतकं कडक लिहितोय. ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला आणि दोन मित्रांना छोट्या इंटरनेटवाल्यांसाठी ॲप करायचंय, बिल, तक्रार, कुठल्या गल्लीत फायबर तुटली ते सगळं त्यात कळतं. दोन ऑपरेटर वापरतातही. एक फंड ५० लाख देतोय २० टक्क्यांना. हे म्हणतात नोकरी सोडू नको, मुलगा म्हणतो कर्ज नाहीये, काही गहाण नाही. मला कागदातलं काही कळत नाही, तुम्हीच सांगा काय विचारू.

उत्तर : ताई, व्हीसीचा पैसा बसतो तो अशाच कामाला. वायर टाकायची नाही, तेच सॉफ्टवेअर सोलापुरात चाललं तर सांगलीत, नांदेडमध्ये आणि बिहारमध्येही चालतं, त्यामुळे मुलाचं म्हणणं चुकीचं नाही. पण कागद वाचल्याशिवाय सही नको.

त्याला एवढं विचारा. शेअर सीसीपीएस प्रकारचे आहेत का, म्हणजे आधी प्रेफरन्स आणि पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारे. असतील, त्यात वावगं नाही. मग विचारा लिक्विडेशन प्रेफरन्स काय आहे, म्हणजे कंपनी विकली की फंड आधी किती घेणार. समजा कंपनी १ कोटीला विकली गेली. प्रेफरन्स एकपट आणि साधा असेल तर फंड आपले ५० लाख आधी घेणार, उरलेले ५० लाख तिघांत. पण पार्टिसिपेटिंग लिहिलं असेल तर फंड ५० लाख घेऊन वर उरलेल्यातले २० टक्के, म्हणजे आणखी १० लाख घेणार, तिघांना मिळून ४० लाख. एका शब्दाला १० लाखांची किंमत आहे. दोनपट प्रेफरन्स असेल तर त्याच विक्रीत तिघांना काहीच राहत नाही, मग सही करूच नये.

तिघा मित्रांचे शेअर चार वर्षांत हळूहळू पक्के होणार असं फंड म्हणेल, त्याला विरोध करू नका, एक मित्र सहा महिन्यांत सोडून गेला तर हेच कलम तुमच्या मुलाला वाचवतं. ड्रॅग अलाँग मात्र नीट बघा, फंडाला विकायचं असलं की सगळ्यांना विकायला लागतं ते कलम, ते किती वर्षांनी आणि किती किमतीच्या वर लागू होणार ते आकड्यात लिहून घ्या.

आणि कुणी तुमच्या घराचे कागद किंवा यांची वैयक्तिक गॅरंटी मागितली तर तो व्हीसीचा पैसा नाही, कर्ज आहे, तेव्हा तिथंच थांबा. नोकरीचं म्हणाल तर पैसे कंपनीच्या खात्यात जमा झाल्यावर राजीनामा द्यायला सांगा, टर्म शीट (अटींचा पहिला कागद) आली म्हणून नाही. टर्म शीटनंतरही बोलणी मोडतात.

प्रश्न : मेहुणे अमेरिकेत असतात, आमच्या बाळ्याच्या आयएसपी कंपनीत २० लाख टाकतो म्हणतात. बाहेरचा पैसा टेलिकॉममध्ये चालतो का, आणि त्यावर टॅक्स लागतो का?

उत्तर : चालतो. २०२१ पासून टेलिकॉम सेवेत १०० टक्के परदेशी गुंतवणूक ऑटोमॅटिक रूटनं येते, आधी ४९ टक्क्यांच्या वर सरकारची परवानगी लागायची. आपल्या सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या पैशाला २०२० पासून वेगळे नियम आहेत, तुम्हाला ते लागत नाहीत. शेअरच्या जास्त किमतीवर कंपनीला लागणारा एंजल टॅक्स जुलै २०२४ च्या बजेटमध्ये काढून टाकला.

मेहुण्यांना पैसे पुन्हा अमेरिकेत न्यायचे आहेत का ते आधी विचारा. नसतील तर एनआरआय म्हणून नॉन-रिपॅट्रिएबल पद्धतीनं टाकता येतात आणि ते देशातल्या गुंतवणुकीसारखेच धरले जातात, कागद बरेच कमी होतात. मेहुणे अमेरिकेचे नागरिक झाले असतील तर ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारं) कार्ड पाहिजे. न्यायचे असतील तर सीए किंवा मर्चंट बँकरकडून शेअरच्या किमतीचं सर्टिफिकेट घ्या, पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्या आणि शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर हा परदेशी गुंतवणूक कळवायचा फॉर्म भरा. उशीर झाला तर लेट फी लागते, आणि तो फॉर्म राहून गेला तर पुढच्या गुंतवणूकदाराच्या वकिलाला तो नक्की सापडतो.