ठुशी शेवटची कुणी पाहिली?

“घरातली वस्तू हरवलीय. जो तो वेगळंच सांगतोय. यात खोटं कोण बोलतंय, ते कसं ओळखायचं मॅडम?” असं विचारत लोक माझ्याकडे येतात, तोवर वस्तू हरवून बरेच दिवस झालेले असतात आणि घरात अबोला धरलेला असतो. कधी रोकड असते, कधी सोनं, एकदा जमिनीचं खरेदीखत होतं. साताऱ्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

धाकटी सून एकटीच आली होती. झोप लागत नाही, जेवण जात नाही, म्हणून. तिसऱ्या वाक्याला म्हणाली, “मी ठुशी घेतली नाही.” मी काही विचारलंच नव्हतं.

गौरी-गणपतीत सासूबाईंची अडीच तोळ्यांची ठुशी धाकट्या गौरीला घातली होती. विसर्जनानंतर चार दिवसांनी दागिने लॉकरला ठेवायला काढले, तर ठुशी नाही. त्या घरात गणपती गौरींबरोबरच जातो. त्या संध्याकाळी सगळे संगम माहुलीला गेले आणि लेकराच्या अंगात ताप होता म्हणून धाकटी मागे थांबली. दीड-दोन तास घरात ती एकटी. एवढ्यावर निकाल लागला होता. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “घरात कोण होतं, ते मला ठाऊक आहे.”

मग चुलत सासूने देवऋषी सुचवला. तो म्हणे नाव काढून देतो. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या साताऱ्यात राहून अंधश्रद्धेविरुद्ध काम उभं केलं, तिथेही हरवलेल्या वस्तूसाठी लोक अजून देवऋषी गाठतात, याचं मला फार वाईट वाटतं. तो जे नाव सांगतो, ते बहुतेक वेळा घरच्यांनीच बोलता बोलता त्याच्या कानावर घातलेलं असतं. धाकटीच्या नवऱ्याने ते अडवलं आणि सगळ्यांना माझ्याकडे आणलं, ही त्या घराची पुण्याई.

सासूबाईंचं म्हणणं असं : “विसर्जनादिवशी दुपारी मीच दोघींचे दागिने उतरवले आणि थोरलीच्या हातात दिले.” थोरली म्हणाली, “मी ठुशी मरून मखमली डबीत घालून कपाटात ठेवली. गोंडा बाहेर येत होता, तो बोटाने आत दाबला, इतकं मला आठवतंय.” कराडला दिलेली नणंद म्हणाली, “आईने दागिने उतरवले, हे खरंय.” एकटी धाकटी म्हणत होती, “सगळे गणपती घेऊन निघाले तेव्हा ठुशी गौरीच्या गळ्यात होती. मी बाळाला दाखवत होते.”

तिघी एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. त्यातून गोंडा आत दाबल्याचासुद्धा तपशील. कुणालाही वाटेल, धाकटी खोटं बोलतेय.

चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं, असा आपला सगळ्यांचा समज असतो. दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून 2006 साली जो हिशेब मांडला गेला, त्यात माणसांचे अंदाज 100 पैकी साधारण 54 वेळाच बरोबर निघाले. छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरं. धाकटी रडत होती, नजर चुकवत होती, हात चोळत होती. संशय आलेलं निर्दोष माणूसही असंच वागतं. म्हणून मी चेहरे बाजूला ठेवले आणि प्रत्येकीला वेगळं बसवून एकेक कोरा कागद दिला. मधोमध रेघ. डावीकडे, डोळ्यांनी काय पाहिलं आणि हातांनी काय केलं. उजवीकडे, काय ऐकलं, काय वाटतं. नणंदेला फोनवर हेच विचारलं.

नणंदेचं वाक्य आपसूक उजवीकडे गेलं. तिने दागिने उतरवताना पाहिलेच नव्हते, त्या वेळी ती स्वयंपाकघरात शिदोरी बांधत होती. आईने नंतर फोनवर सांगितलं, तेच तिने पुढे सांगितलं होतं. म्हणजे दोन साक्षी मोजल्या जात होत्या, त्या मुळात एकच होत्या. घरोघरी हे घडतं. एकच बातमी चार तोंडांनी फिरून येते आणि चार जणांनी पाहिल्यासारखी वाटू लागते.

नंतर फोटो मागवले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले नकोत, कारण त्यात फोटो काढल्याची मूळ वेळ सहसा राहत नाही. ज्या फोनने काढले त्याच फोनमधले हवेत, हे मी मुद्दाम सांगितलं. थोरल्या मुलाच्या फोनमध्ये निघतानाच्या आरतीचा फोटो सापडला. वेळ सायंकाळी 4 वाजून 50 मिनिटं. मागे गौरी. नथ नाही, मोहनमाळ नाही, पण गळ्याशी ठुशी स्पष्ट दिसत होती.

धाकटीचं म्हणणं खरं निघालं आणि त्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. कारण आता ठुशी तिच्या एकटीसमोर उघड्यावर होती, हेही सिद्ध झालं. सासूबाई लगेच म्हणाल्या, “बघा!” पुरावा असाच असतो, आपल्या सोयीने एकाच बाजूला झुकत नाही. मी त्यांना म्हटलं, “आजी, निघताना ठुशी कुठे होती एवढंच फोटो सांगतो. ती पुढे कुठे गेली, ते अजून कुणीच सांगितलेलं नाही.”

मग थोरलीच्या त्या मरून डबीचं काय? तिच्या नवऱ्यालाच आठवलं की त्या डबीची कडी गेल्या दिवाळीत तुटली आणि तेव्हापासून दागिने स्टीलच्या डब्यात ठेवतात. थोरली सुन्न झाली. गोंडा तिने खरोखरच आत दाबला होता, पण आदल्या वर्षी. दरवर्षी त्याच दिवशी, त्याच क्रमाने केलेली कामं आठवणीत एकमेकांत मिसळतात. त्यात गेले तीन आठवडे तिला एकच प्रश्न विचारला जात होता : “तुझ्या हातात दिल्यावर तू ठुशी कुठे ठेवलीस?” प्रश्नातच गृहीत धरलेलं होतं की ठुशी तिच्या हातात आली. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 सालच्या अभ्यासात लोकांना गाड्यांच्या अपघाताची फीत दाखवली होती. काहींना “गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता” असं विचारलं, काहींना “गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा” असं. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? काचा फीतीत नव्हत्याच. पहिल्या 50 जणांत 7 जण हो म्हणाले, दुसऱ्या 50 जणांत 16. ही माणसं लबाड नव्हती. प्रश्नातल्या एका शब्दाने त्यांच्या आठवणीत काचा पेरल्या होत्या.

सासूबाईंची आठवणही अर्धी खरी होती. नथ, मोहनमाळ, पाटल्या त्यांनी उतरवल्या. ठुशीचा दोर मागे मुखवट्याच्या कडीत गुंतला होता. “आल्यावर सोडवू” असं आपण म्हणालो होतो, हे त्यांना फोटोकडे बघता बघता आठवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या.

मी म्हटलं, आता ‘कुणी घेतली’ हा प्रश्न नको. परत आल्यावर गौरीला पहिला हात कुणाचा लागला?

कोपऱ्यातून सासऱ्यांचा आवाज आला. “माझा.”

तीन आठवड्यांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. दागिन्यांचं बायका बघून घेतील, म्हणून तेही गप्प होते. घरात आरोपी शोधणं चालू होतं, आणि ज्याच्यावर संशय नाही त्याला कोण विचारणार? त्यांनी सांगितलं, मुखवटे दरवर्षी तेच गुंडाळतात. त्या रात्री पाऊस होता, लाइट गेली होती. बॅटरी एका हातात धरून त्यांनी दोन्ही मुखवटे जुन्या धोतरात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले.

तासाभराने थोरल्या मुलाचा फोन आला. ठुशी मुखवट्याच्या गळ्याला तशीच होती, दोर कडीत अडकलेला.

प्रत्येक वेळी असं होत नाही. कधी खरंच कुणीतरी घेतलेलं असतं. तसा ठोस पुरावा असेल तर पावती आणि फोटो घेऊन पोलिसांकडे जावं, पण कामाला येणाऱ्या मावशींची पिशवी झडती घेऊन उपडी करू नये. घरातलं वयस्कर माणूस वरचेवर वस्तू कुठेतरी ठेवून विसरत असेल आणि दर वेळी कुणीतरी चोरली म्हणत असेल, तर आधी त्यांना डॉक्टरांकडे न्यावं. आणि वस्तू हरवल्याचं कळलं, त्याच दिवशी सगळ्यांनी आपापलं लिहून काढावं, एकमेकांशी चर्चा करण्याआधी. तीन आठवड्यांनी मला जे करायला इतके कष्ट पडले, ते त्या दिवशी अर्ध्या तासात झालं असतं.

ठुशी बघायला धाकटी आली नाही. सासूबाई मला म्हणाल्या, “सापडली ना, मग झालं की आता.” मी म्हटलं, “आजी, तुम्ही चारचौघांत बोलला होता. सापडल्याचंही चारचौघांतच सांगा, आणि चुकलं म्हणून सांगा.” त्यांना ते जड गेलं, आणखी दोन भेटी लागल्या. दसऱ्याला नणंद सोनं द्यायला आली, तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी धाकटीच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाल्या, “माझं चुकलं गं. मी बघितलं नव्हतं आणि बोलले.”

धाकटी आता नीट जेवते, झोपते. पण दागिन्यांचं कपाट उघडायची वेळ आली की अजूनही आधी कुणाला तरी हाक मारते, आणि ते माणूस येऊन शेजारी उभं राहीपर्यंत किल्लीला हात लावत नाही.