दलाल स्ट्रीट कोसळते म्हणजे काय?

गावाकडून पुतण्यानं विचारलं, "काका, बातम्याईत सांगते का दलाल स्ट्रीट कोसळली. रस्ता कसा काय कोसळते? आन् दलाल तं आपल्याकडं शिवी हाय!"

बाळा, 'बाबा ताटावर बसले' हे लक्षणेचं उदाहरण शाळेत घोकलं होतंस ना? ताटावर कोणी बसत नाही, जेवायला बसतात. परवा तूच म्हणालास, "मार्केट यार्डानं तुरीचा भाव पाडला." भाव पाडला खरीददारांनी, नाव झालं यार्डाचं. दलाल स्ट्रीटचंही तेच: ती मुंबईच्या शेअर बाजाराची गल्ली; कोसळतात शेअरांचे भाव, नाव होतं गल्लीचं.

शिवीचं म्हणशील तर 'दलाल' हा मुळात अरबी शब्द, वाट दाखवणे या अर्थाच्या धातूतून आलेला. हिंदीतली 'दलील' त्याच्याच कुळातली. घेणाऱ्याला विकणाऱ्यापर्यंत पोचवणारा तो दलाल. चुकाऱ्यासाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशासाठी, हेलपाटे घातलेल्या कास्तकाराला ही व्युत्पत्ती पटायची नाही, ते सोड.

मुंबईचे शेअर दलाल 1850 च्या सुमारास टाऊन हॉलसमोर वडाखाली जमत. पुढं अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या वऱ्हाडासकट इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत शेअरांत शिरला आणि 1865 साली सगळं धाडकन खाली आलं. म्हणजे या रस्त्याच्या पायात आपलीही पऱ्हाटी आहे! दहा वर्षांनी, 1875 मध्ये, दलालांनी रीतसर संघटना बांधली. ते ज्या गल्लीत स्थिरावले तिचं नाव दलाल स्ट्रीट पडलं.

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटची गोष्ट उलटी. तिथं डच लोकांनी 1653 मध्ये वस्तीच्या रक्षणासाठी भिंत घातली, तिच्यावरून रस्त्याचं नाव. भिंत 1699 मध्ये पाडली. 24 दलालांनी तिथं आपसांतल्या सौद्यांचा करार केला तो 1792 साली, तोही झाडाखालीच. धंदा नंतर आला आणि जुनं नाव पांघरून बसला.

एकदा नाव धंद्याला चिकटलं की जागेची गरज उरत नाही. मुंबईत 1995 पासून सौदे संगणकावर होतात, राष्ट्रीय शेअर बाजार तर वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तरी तिथला निर्देशांक घसरला की बातमीत कोसळते ती दलाल स्ट्रीटच. नागपुरात याच्या उलट झालंय: कॉटन मार्केटात जाऊन कापूस माग, लोक तुला वांगी दाखवतील.