सेफ क्लस्टरमधल्या दोनच नोड्सची मेमरी वाढत जातेय, हा मेमरी लीक आहे का आणि तो पकडायचा कसा?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: ९ नोड्सचा (मशीन्सचा) सेफ क्लस्टर आहे, म्हणजे डेटा अनेक मशीन्सवर वाटून ठेवणारी स्टोरेज सिस्टीम, त्यातल्या २ नोड्सवरचे ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारे प्रोग्राम) आठवड्याभरात ४ जीबीवरून १०-११ जीबीवर जातात, शेवटी मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा ओओएम किलर एखाद्याला मारतो, रीस्टार्ट केलं की काही दिवस सगळं ठीक, आणि आता तुम्ही वॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) लावून बघायच्या विचारात आहात.

चालू क्लस्टरवर वॅलग्राइंड नका लावू, हे आधी सांगतो. त्याच्याखाली प्रोग्राम २०-३० पट हळू चालतो, आणि एका मशीनवरच्या साध्या प्रोग्रामला ते चालून जातं पण ओएसडीला शेजाऱ्यांना हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' असा नियमित निरोप, द्यावा लागतो, डिफॉल्ट मुदत २० सेकंदांची, तो वेळेत गेला नाही की बाकीचे त्याला डाउन ठरवतात, मग पीअरिंग (कोणाकडे कोणता डेटा आहे हे ओएसडींनी आपसात ठरवणं), रिकव्हरी, सगळी धावपळ सुरू होते आणि तुम्ही बघत होतात तो मेमरीचा पॅटर्नच बदलून जातो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वॅलग्राइंड मुख्यतः ती मेमरी दाखवतं जिचा पॉइंटरच हरवलाय. स्टोरेजच्या डेमनमध्ये (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) मला भेटलेले लीक बहुतेक तसले नव्हतेच, पॉइंटर व्यवस्थित कुठल्यातरी मॅपमध्ये किंवा क्यूमध्ये असतो, फक्त त्या नोंदीला काढून टाकणारं कोणी उरलेलं नसतं. वॅलग्राइंडच्या लेखी ती मेमरी अजून पोहोचण्यासारखी आहे, म्हणजे तक्रार नाही.

तेव्हा पहिला प्रश्न 'लीक कुठे आहे' हा नाही, पहिला प्रश्न 'ही मेमरी आत्ता कोणाच्या ताब्यात आहे' हा. ताबा तिघांपैकी एकाकडे असतो: कर्नल, ॲलोकेटर (प्रोग्रामला मेमरी वाटून देणारी लायब्ररी), किंवा खुद्द डेमन. कर्नलचं लवकर उरकतं, प्रॉक खालच्या त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये आरएसएसचे (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या मेमरीचे) भाग, आरएसएस अ‍ॅनॉन (प्रोग्रामची स्वतःची मेमरी) आणि आरएसएस फाइल (फाइलींमधून आलेली), वेगवेगळे दिलेले असतात ते बघा, आणि कंटेनरमध्ये चालवत असाल तर सीग्रुपच्या (कंटेनरच्या वापराचा हिशोब ठेवणाऱ्या कर्नलच्या गटाच्या) मेमरी स्टॅटमधला अ‍ॅनॉन बघा, कारण कंटेनरच्या एकूण आकड्यात पेज कॅशही (कर्नलने रॅममध्ये ठेवलेला फाइलींचा डेटा) धरलेला असतो आणि तो ग्राफ बघून घाबरणारे खूप लोक मी पाहिलेत. अ‍ॅनॉन वाढत नसेल तर ओएसडीला सोडा आणि नोडवर स्लॅबटॉप (कर्नलची स्वतःची मेमरी दाखवणारी कमांड) लावा.

अ‍ॅनॉन वाढतोय असं धरून पुढे जातो. सेफमध्ये ओएसडीला टेल कमांडने हीप स्टॅट्स विचारता येतात आणि ते टीसीमॅलॉकचा, म्हणजे ओएसडीच्या ॲलोकेटरचा, हिशोब देतात. त्यात ॲप्लिकेशनने प्रत्यक्ष वापरात ठेवलेले बाइट्स एका ओळीत, पेज हीपच्या फ्रीलिस्टमध्ये पडून असलेले दुसऱ्या ओळीत, आणि ओएसला परत दिलेले आणखी एका ओळीत. फ्रीलिस्टचा आकडा मोठा असेल तर डेमनने मेमरी सोडलेली आहे, ॲलोकेटर ती धरून बसलाय, अशा वेळी हीप रिलीज कमांड देऊन बघा, आरएसएस धाडकन खाली आला तर हा लीक नाहीच. ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस (कर्नलने मेमरी मोठ्या पानांत देणं) चालू असले तरी असंच फुगलेलं दिसतं, कारण २ एमबीच्या पानातला एक छोटा तुकडा जरी वापरात असला तरी अख्खं पान अडकून राहू शकतं. सेफच्या नव्या आवृत्त्या डेमनपुरते ते बंद करतात, पण तुमची आवृत्ती जुनी असेल तर तपासा.

आणि ते ४ जीबी, म्हणजे टार्गेटच्या सेटिंगचा डिफॉल्ट आकडा. ओएसडी मेमरी टार्गेट ही मर्यादा नाही हो, नावाप्रमाणे टार्गेटच आहे. ओएसडी आपले कॅश लहान-मोठे करून त्या आकड्याजवळ राहायचा प्रयत्न करतो, बस. कॅश सोडून दुसरं काही वाढलं तर तो कॅश कमी करत करत तळाला जातो आणि त्यानंतर त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणूनच तुमच्या ११ जीबीवाल्या ओएसडीत कॅश किती उरलाय हे मला फार बघावंसं वाटतंय, कॅश जर अगदी चिमुकला झाला असेल तर दुसरं कोणीतरी मेमरी खातंय हे नक्की, आणि कॅशच मोठा असेल तर त्या दोन नोड्सवर टार्गेटच वेगळं सेट झालेलं असू शकतं. सेफएडीएमचा (सेफ बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या टूलचा) ऑटोट्यून चालू असेल तर तो होस्टच्या रॅमवरून टार्गेट काढतो, तेव्हा त्या नोड्सना रॅम जास्त असेल तर टार्गेटही जास्त. आधी हे बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

मग डंप मेमपूल्स ही कमांड. यात मेमरी कामानुसार वाटून दिसते, ब्लूस्टोअरचा (ओएसडीच्या डिस्कवर लिहिणाऱ्या भागाचा) डेटा कॅश, ओनोड (ऑब्जेक्टची माहिती), पीजी लॉग (पीजी म्हणजे ऑब्जेक्ट्सचा गट, त्यावरच्या ऑपरेशन्सची नोंद), बफर अ‍ॅनॉन (दुसऱ्या कुठल्या खात्यात न धरलेले डेटा बफर) वगैरे. सगळी मेमरी यात मोजली जात नाही, त्यामुळे हीप स्टॅट्सचा आकडा आणि मेमपूल्सची बेरीज कधीच जुळणार नाही आणि त्यावर वेळ घालवू नका, त्या दोघांतलं अंतर रोज वाढतंय का एवढंच बघा. अंतर स्थिर आणि एखादा पूल वाढतोय तर गुन्हेगार नावासकट सापडला.

याचं सगळ्यात माहितीचं उदाहरण म्हणजे पीजी लॉगच्या डुप नोंदी. एकच रिक्वेस्ट दुसऱ्यांदा आली तर ओळखता यावी म्हणून ओएसडी जुन्या ऑपरेशन्सच्या छोट्या नोंदी ठेवतो, डिफॉल्टने ३००० पर्यंत, पण काही जुन्या आवृत्त्यांमध्ये ठराविक परिस्थितीत त्या छाटल्याच जात नव्हत्या आणि लाखोंनी साचायच्या, ओएसडी पीजी लॉग हा पूल कित्येक जीबीचा व्हायचा. पण यात एक मेख आहे जी तुमच्या कामाची आहे. त्या नोंदी डिस्कवर असतात, ओएसडी चालू होताना त्या परत वाचतो, म्हणून रीस्टार्टचा उपयोग होत नाही, उलट बऱ्याच जणांचे ओएसडी बूट होतानाच मेमरी संपून मरायचे आणि ऑब्जेक्टस्टोअर टूलने ऑफलाइन छाटणी करावी लागायची. तुमच्याकडे रीस्टार्टनंतर मेमरी खाली येते आणि काही दिवस खाली राहते. म्हणजे तुमची वाढ डिस्कवरच्या कशात नाही, ती चालू असताना घडणाऱ्या कुठल्यातरी घटनेतून येतेय. रीस्टार्टनंतरचा पहिला तास एवढं सांगून जातो आणि लोक तोच बघत नाहीत.

आता ती घटना कोणती. इथे डिस्ट्रिब्युटेड सिस्टीमचा एक फायदा आहे जो एकट्या सर्व्हरला कधी मिळत नाही: तुमच्याकडे तोच बायनरी, तीच आवृत्ती चालवणारे ७ नोड्स आहेत ज्यांची मेमरी वाढत नाही. कोड सारखाच आहे, मग फरक कशात आहे? तो फरक म्हणजे उत्तर.

हे मी एकदा फार वेळ घालवून शिकलो. आमच्या टीमने स्वतः लिहिलेलं ऑब्जेक्ट स्टोअर होतं, त्यात असेच तीन नोड्स फुगायचे. मी थेट हीप प्रोफायलर (मेमरी कुठल्या फंक्शनने घेतली ते नोंदवणारं टूल) लावला आणि तो सांगायला लागला की सगळी मेमरी नेटवर्कवरून डेटा घेणाऱ्या फंक्शनमध्ये घेतलीय. अहो पण स्टोरेजमध्ये प्रत्येक बाइट तिथूनच आत येतो! प्रोफायलर मेमरी कुठे जन्मली ते सांगतो, आत्ता तिला कोण धरून बसलंय ते सांगत नाही, आणि रेफरन्स काउंट केलेले (किती जण वापरताहेत याची मोजणी ठेवलेले) बफर दहा हातांतून फिरतात तिथे हा फरक फार मोठा असतो. चार दिवस ते फंक्शन वाचण्यात गेले, त्यात काहीही चूक नव्हती. मग एका सहकाऱ्याने विचारलं की या तिघांत सारखं काय आहे, आणि बघितलं तर तिघांचीही एक रेप्लिका (डेटाची प्रत) एकाच चौथ्या नोडवर होती, ज्याचा नेटवर्क पोर्ट मधूनमधून पडायचा. त्या चौथ्याची मेमरी अगदी छान होती, त्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. तिकडे पाठवलेली राइट टाइमआउट व्हायची, आम्ही क्लायंटला एरर द्यायचो, पण चालू रिक्वेस्टच्या मॅपमधली नोंद फक्त उत्तर आल्यावरच पुसली जायची. उत्तर कधी येणारच नव्हतं. खात्री कशी झाली तर मेमरीतली वाढ भागिले त्याच काळातले टाइमआउट असं करून बघितलं, दर वेळी ४ एमबीच्या किंचित वर येत होतं, आणि आमचा चंक (एका राइटमधला डेटाचा तुकडा) ४ एमबीचाच होता. त्या भागाकारानंतर कोड शोधायला अर्धा तास लागला.

म्हणून तुम्ही त्या दोन नोड्सची मेमरी दर पाच मिनिटांनी नोंदवा आणि त्याच ग्राफवर स्लो ऑप्स (रेंगाळलेली ऑपरेशन्स), हार्टबीट चुकणं, क्लायंटचे रीकनेक्ट, स्क्रब (डेटाच्या प्रती जुळतात का याची तपासणी), बॅकफिल (दुसऱ्या ओएसडीवर डेटा भरणं) हे सगळं टाका. वाढ सरळ रेषेत असेल तर ट्रॅफिकशी संबंध असतो, पायऱ्या-पायऱ्यांनी असेल तर प्रत्येक पायरीच्या वेळी काय झालं ते लॉगमध्ये शोधा. त्या दोघांच्याच पीजी कोणत्या ओएसडींबरोबर वाटल्यात तेही काढा.

प्रोफायलर लावायचाच तर त्यानंतर लावा, आणि एकाच ओएसडीवर. हीपचा स्टार्ट प्रोफायलर चालू केल्यानंतर घेतलेली मेमरीच त्याला दिसते, आधीचे ७ जीबी दिसणार नाहीत, म्हणून रीस्टार्टनंतर कॅश भरू द्या, मग चालू करा, एक डंप घ्या, वाढ स्पष्ट दिसेपर्यंत थांबा, दुसरा डंप घ्या आणि पीप्रॉफला (हे डंप वाचणाऱ्या टूलला) पहिला बेस म्हणून देऊन दोघांतला फरक बघा. डीबग सिम्बॉल्स (पत्त्यांवरून फंक्शनची नावं कळवणारी माहिती) अगदी त्याच बिल्डचे हवेत, नाहीतर नुसते पत्ते दिसतील. डेमन हळू होतो, काम झालं की बंद करा.

सेफ सोडून दुसरं काही असेल तर थोडक्यात: ग्लस्टर या दुसऱ्या स्टोरेज सिस्टीमच्या प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल दिला की स्टेटडंप मिळतो, त्यात प्रत्येक ट्रान्सलेटरची (ग्लस्टरमधल्या एकेका थराची) मेमरी वेगळी असते, आणि माउंट करणाऱ्या क्लायंटची मेमरी वाढली असेल तर आधी ड्रॉप कॅशेस या कर्नलचे कॅश रिकामे करणाऱ्या फाइलमध्ये २ लिहून बघा, कर्नलने आयनोड (फाइलींच्या माहितीच्या नोंदी) सोडल्यावर आकडा उतरला तर तो फक्त धरून ठेवलेला आयनोडचा साठा होता. गो मध्ये लिहिलेलं स्टोरेज १.१२ ते १.१५ ने बिल्ड केलेलं असेल तर सोडलेली मेमरीही आरएसएसमध्ये दिसत राहते, १.१६ पासून ते परत बदललं.

एक विनंती, पुढच्या वेळी मेमरी वाढली की लगेच रीस्टार्ट करू नका, सगळा पुरावा त्यातच जातो. आधी हीप स्टॅट्स, डंप मेमपूल्स आणि चालू ऑप्सचा डंप फाइलमध्ये घ्या, तेच तिन्ही एका निरोगी ओएसडीचेही घ्या, मग एकच ओएसडी रीस्टार्ट करा आणि नोडवर रॅम शिल्लक असेल तर दुसरा तसाच चालू ठेवा. शक्य असेल तर रात्री क्लायंटचा लोड थोडा वेळ पूर्ण थांबवून बघा. चालू ऑप्सची मोजणी शून्यावर आली आणि तरी बफर अ‍ॅनॉन खाली येत नसेल, तर ते आकडे इथे टाका, मी बघतो.