होडिनोशोनी नावाचा देश नकाशावर नाही, मग त्यांचा लॅक्रॉस संघ ‘राष्ट्रीय’ कसा? तो २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये दिसेल का?

आधी थेट उत्तर देते. जागतिक लॅक्रॉस संघटनेनं या संघाला स्वतंत्र सदस्य म्हणून घेतलंय, म्हणून तो राष्ट्रीय संघ. पण २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याला स्वतःच्या झेंड्याखाली उतरता येणार नाही, निदान आजच्या नियमानं तरी नाही. हा नियम त्यांच्यासाठी शिथिल व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

होडिनोशोनी म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा मूलनिवासी राष्ट्रांचा संघ. पूर्वी त्यांना इरोक्वॉय म्हणत. अमेरिका-कॅनडाची सीमा आखली गेली ती त्यांच्या भूमीतून, त्यामुळे वस्त्या दोन्हीकडे. लॅक्रॉस हा त्यांचाच खेळ. निर्मात्यानं दिलेली देणगी म्हणून ते तो खेळतात, कुणी आजारी असेल तर त्याला बरं वाटावं म्हणूनही खेळतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी: कोकणात आंबे उतरवायचा झेला असतो ना, तशी टोकाला जाळी असलेली काठी प्रत्येकाच्या हातात. चेंडू रबरी आणि टणक. तो जाळीत झेलायचा, धावता धावता सांभाळायचा आणि गोलात फेकायचा. मैदानी प्रकारात एका बाजूला दहा जण. मी दादरला शाळेतल्या मुलींना हॉकी शिकवते. त्यांना सामन्यांचे व्हिडिओ दाखवले की पहिल्यांदा वेगच डोळ्यांत भरतो.

आता त्यांची कामगिरी. १९८३ मध्ये संघ उभा राहिला, त्यामागे ओनोंडागांचे नेते ओरेन लायन्स होते. १९९० ला पर्थमध्ये पहिली जागतिक स्पर्धा, पाच संघांत शेवटचा नंबर. पुढे बरीच वर्षं पदकाच्या उंबरठ्यावर अडले. मग २०१४ ला डेन्व्हरमध्ये कांस्य, २०१८ ला इस्रायलमधल्या नेतान्यात कांस्य, २०२३ ला सॅन दिएगोत तीस संघांमधून पुन्हा कांस्य. त्या अंतिम सामन्यात अमेरिकेनं कॅनडाला १०-७ असं हरवलं. म्हणजे वरचे दोघे हे अवाढव्य देश, आणि त्यांच्या लगेच खाली लाख-सव्वा लाख लोकांचा समाज. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढीसुद्धा वस्ती नाही ही! लाइल थॉम्पसन हा त्यांचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू. अमेरिकेतल्या सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूला टेवारटन पुरस्कार देतात, तो त्यानं २०१४ ला सख्ख्या भावासोबत, माइल्ससोबत वाटून घेतला आणि २०१५ ला एकट्यानं मिळवला. वेणी घालून खेळणारा हा माणूस एकदा तरी पाहाच.

पण मला त्यांचा आदर वाटतो तो २०१० मुळे. स्पर्धा मँचेस्टरला होती. हे खेळाडू होडिनोशोनी पासपोर्टवर प्रवास करतात, आणि ब्रिटननं त्यावर व्हिसा नाकारला. हिलरी क्लिंटन तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री होत्या. त्यांच्या खात्यानं त्याच पासपोर्टवर प्रवास करायची एकवेळची सवलत दिली तरी ब्रिटन बधलं नाही. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा पासपोर्ट घेतला असता तर मार्ग मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही. संघ न्यूयॉर्कमध्येच अडकला आणि स्पर्धा हातची गेली. वर्षानुवर्षं तयारी केलेल्या पोरांनी हे सोसलं. खेळाडूला स्पर्धा सोडताना काय होतं हे मैदानावर वावरलेल्या कुणालाही कळेल.

ऑलिंपिकचा निर्णय तर आपल्या मुंबईतच झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीकेसीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं होतं. लॉस एंजेलिससाठी जे पाच खेळ मंजूर झाले त्यांत लॅक्रॉसही आहे, सहा-सहा खेळाडूंच्या छोट्या प्रकारात. लोकल असो की नाका, त्या दिवसांत बोलणं फक्त क्रिकेटचं चाललं होतं, लॅक्रॉसचं नावही कुणी काढलं नाही. खरं तर १९०४ आणि १९०८ मध्ये लॅक्रॉस ऑलिंपिकमध्ये होता, आणि १९०४ ला सेंट लुईसमध्ये मोहॉक खेळाडूंच्या संघानं कांस्य मिळवलं होतं, पण कॅनडाच्या नावावर.

अडचण नियमाची आहे. १९९६ पासून ऑलिंपिक समिती नवी मान्यता देते ती फक्त आंतरराष्ट्रीय समुदायानं मानलेल्या स्वतंत्र राज्यालाच. त्याआधी आत आलेल्यांना मात्र हात लावलेला नाही, म्हणून अमेरिकेच्या ताब्यातलं प्वेर्तो रिको आजही वेगळ्या झेंड्यानं उतरतं.

आणि आपण? १९२० ला अँटवर्पला पैलवान रणधीर शिंदे आणि बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले गेले तेव्हा देश पारतंत्र्यात होता. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅमला आपल्या हॉकी संघानं २९ गोल केले, एकही खाल्ला नाही, सुवर्ण आणलं. त्या संघाचे कर्णधार होते जयपाल सिंग मुंडा, स्वतः आदिवासी. स्वतंत्र राज्य नसताना आपल्याला राष्ट्र म्हणून उतरू दिलं गेलं. म्हणून ‘देश नाही, मग संघ कसला’ हा प्रश्न भारतीय माणसानं तरी जरा थांबून विचारावा.

एकाला सवलत दिली की बाकीचे रांगेत उभे राहतील, ही समितीची काळजी खोटी नाही. पण इथे खेळ त्यांचा आहे आणि जगातलं तिसरं स्थान त्यांनी मैदानावर कमावलंय. २०२२ च्या वर्ल्ड गेम्समध्येही (ऑलिंपिकबाहेरच्या खेळांची जागतिक स्पर्धा) आधी त्यांना वगळलं होतं; आयर्लंडनं आपली जागा सोडली म्हणून ते खेळले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनीही जाहीरपणे त्यांची बाजू घेतली. समितीचं म्हणणं मात्र एकच: ज्यांच्याकडे अमेरिकेचं किंवा कॅनडाचं नागरिकत्व असेल त्यांनी त्या देशाकडून खेळावं. २०१० ला मँचेस्टर सोडलेल्या संघाला हे सांगितलं जातंय.