मॉलिक्युलर डायनॅमिक्स आणि एफईएम दोन्ही असताना मल्टिस्केल कशाला?

तुम्ही विचारलंय की धातूचं मॉडेल करायला अणूंची पद्धत (मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे प्रत्येक अणूची हालचाल मोजणं) आहे, फाइनाइट एलिमेंट (एफईएम, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे पाडून गणित करणं) आहे, मग दोन्ही जोडायचा, म्हणजे मल्टिस्केलचा, खटाटोप कशासाठी? माझं पीएचडीचं काम याच सांध्यावर होतं, म्हणून लिहितो.

एक घन सेंटिमीटर तांब्यात अणू किती? साधारण ८५ वर २१ शून्यं. मॉलिक्युलर डायनॅमिक्समधली वेळेची एक पायरी जेमतेम एका फेम्टोसेकंदाची (सेकंदाचा एक हजार लाख कोटीवा भाग). अख्खा तुकडा अणू-अणू धरून सोडवायचा विषय इथेच संपतो.

मग सगळंच कंटिन्यूअम, म्हणजे अणू विसरून सलग पदार्थ, धरावं? लवचिक हद्दीत बिनधास्त धरा. पण स्फटिक कायमचा वाकतो तो मुख्यतः डिस्लोकेशन, म्हणजे अणूंच्या रचनेतला रेषेसारखा दोष, सरकल्याने. १९२६ मध्ये फ्रेंकेलने अणूंचा अख्खा थर एकदम घसरतो असं धरून ताकद काढली, ती प्रत्यक्षाच्या हजारो पट निघाली. हा घोळ १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी डिस्लोकेशनची कल्पना मांडून सोडवला. डिस्लोकेशनपासून लांब लवचिकतेचा सिद्धांत चोख चालतो. गाभ्याशी मात्र त्याचा स्ट्रेस अनंताला जातो, तिथे अणूच मोजावे लागतात.

टॅडमॉर, ऑर्टिझ आणि फिलिप्स यांची १९९६ ची क्वासिकंटिन्यूअम पद्धत नेमकं हेच करते. दोषाजवळ प्रत्येक अणू, लांब गेल्यावर मोजकेच प्रतिनिधी अणू, मधल्यांची जागा इंटरपोलेशनने, म्हणजे प्रतिनिधींवरून अंदाजाने. लांबच्या एलिमेंटची ऊर्जा कोशी-बॉर्न नियमाने, म्हणजे एलिमेंट जितकं ताणलं तितकीच आतली जाळी ताणली असं धरून, त्याच आंतरअणू पोटेन्शियलमधून (अणूंमधल्या ऊर्जेच्या सूत्रातून) काढतात. वेगळा मटेरियल लॉ (पदार्थाचा ताण-विरूपण नियम) बसवावा लागत नाही, हे मला फार आवडतं.

खरी मेख सांध्यावर आहे. अणूंच्या बाजूचा अणू कटऑफपर्यंतचे, म्हणजे ठरावीक अंतरापर्यंतचे, सगळे शेजारी मोजतो. पलीकडचा नोड (एलिमेंटच्या कोपऱ्यावरचा प्रतिनिधी अणू) फक्त स्वतःच्या एलिमेंटचं विरूपण बघतो. ऊर्जेचा हिशेब एकतर्फी झाला की बलं जुळत नाहीत, आणि काहीही लोड नसलेल्या निर्दोष स्फटिकातसुद्धा सांध्यावरचे अणू हलतात. यालाच घोस्ट फोर्स म्हणतात. २००९ मध्ये मिलर आणि टॅडमॉर यांनी अशा १४ जोड-पद्धती एकाच कसोटीवर तपासल्या. तो पेपर आधी वाचा, पद्धत मग निवडा. आणि कोड हातात आला की क्रॅकबिक नंतर. आधी बिनलोडचा ॲल्युमिनियमचा ठोकळा चालवून सांध्यावर काय हलतंय ते बघा.

मूळ क्वासिकंटिन्यूअम स्थिर, शून्य केल्व्हिनची पद्धत आहे. तिने आकाराचा प्रश्न सुटतो, वेळेचा नाही. त्यामुळे तुमचा विषय क्रीप, म्हणजे सततच्या भाराखाली हळूहळू होणारं विरूपण, असेल तर यात शिरूच नका, डिस्लोकेशन डायनॅमिक्स किंवा फेज फील्ड या दुसऱ्या मॉडेलिंग पद्धतींकडे वळा.