टीबीचा कोर्स मध्येच का सुटतो?

‘सरकार औषध फुकट देतं, वर खात्यात पैसे टाकतं, तरी लोक टीबीचा कोर्स अर्धवट सोडतात. हा अडाणीपणा नाही तर काय?’ असं तुम्ही विचारलंय. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात मी उपचार पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षं मोटारसायकल दामटली. सुरुवातीला माझंही मत हेच होतं.

आधी एक जुनी गोष्ट. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत असताना देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाहणी केली. ती १९६३ साली छापून आली. क्षयाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी त्रास होतो म्हणून आपणहून दवाखाना गाठला होता. तिथे बहुतेकांच्या हातात खोकल्याची बाटली देऊन त्यांना वाटेला लावलं होतं. म्हणजे माणसं येतच होती, आपण त्यांना ओळखलं नाही.

दुसरी गोष्ट मद्रासची. घरी राहून गोळ्या घेतल्या तरी सॅनेटोरियमइतकाच, म्हणजे क्षयरोग्यांना ठेवून घ्यायच्या रुग्णालयाइतकाच, गुण येतो, हे १९५६ला सुरू झालेल्या तिथल्या अभ्यासाने दाखवलं. फार मोठं काम. गरिबाला खाट मिळायची वाट बघावी लागेना. पण सॅनेटोरियममध्ये माणसाला आजारी राहायची मुभा होती, ती घरी कोण देणार?

टॅल्कट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये मांडलं होतं की आजारपण हीसुद्धा समाजातली एक भूमिका आहे. आजाऱ्याला रोजच्या कामातून सूट मिळते, दोष लागत नाही. बदल्यात त्याने डॉक्टरचं ऐकून बरं व्हायचा प्रयत्न करायचा. आमचा टीबीचा कार्यक्रम दुसरा भाग चोख वसूल करतो. पहिला भाग मात्र ज्याच्याकडे पगारी रजा आहे त्यालाच मिळतो.

ऊसतोडीवरची एक बाई सांगतो. गोळ्या भाद्रपदात सुरू झाल्या. कोर्स सहा महिन्यांचा, आणि हंगामही जवळपास तेवढाच. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेऊन खर्चलेली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे कामाला एकच जोडी धरतात. ती बसली की त्याचंही काम अडतं आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, दोघांचा धरतात. पहाटे फडात गेलेल्या बाईने दहा वाजता कुठल्या आरोग्य केंद्रात जाऊन उभं राहायचं? त्यातून दोन महिन्यांत ताप-खोकला गेलेला, अंगात बळ आलेलं. अशा माणसाला घरचेसुद्धा आजारी मानत नाहीत.

पण तिच्या गोळ्या याही आधी सुटल्या होत्या, गावातच. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते. ते आम्ही नवऱ्याला सांगितलं होतं, तिला नाही. आतून रक्त जातंय असं वाटून तिने पाकिटं पिठाच्या डब्यामागे सारली. कुणाला विचारायची तिला लाज वाटली. मी कार्डावर शेरा मारला, ‘डिफॉल्टर’. बँकेत कर्जबुडव्याला हाच शब्द लावतात! पुढे कागदोपत्री तो बदलला, बोलण्यात अजून आहे.

पैशांचं म्हणाल तर पोषणासाठी २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. चांगलंच आहे, अंडी-शेंगदाणे येतात. पण त्यातून खाडा भरून निघत नाही, उचल तर नाहीच नाही.

अडाणीपणा अजिबात नसतो असं नाही. शिकलेले लोकही बरं वाटलं की अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी बंद करतात, त्यांच्या दारात कुणी पर्यवेक्षक जात नाही इतकंच.

त्या बाईनंतर मी पहिल्या भेटीतले प्रश्न बदलले. हंगामाला कुठल्या कारखान्यावर जाणार, निघायची तारीख काय, गोळ्या कुठे ठेवणार, टोळीच्या मुकादमाला आजाराचं कळलेलं चालेल का. आणि लघवीच्या रंगाचं बाईला स्वतःला, नवरा बाहेर गेल्यावर, सांगायचं.