इळैयराजांच्या गाण्यात बाख शोधताय? आधी स्वरलिपीची वही मिटा

तुमची पोस्ट वाचता वाचता चहा गार झाला. लघुप्रबंधाचा विषय, सिनेसंगीतकार इळैयराजांच्या गाण्यांवर बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचा प्रभाव. "चाळीस गाण्यांची स्वरलिपी केली, बाखशी जुळणारी चाल एकाच ठिकाणी सापडली, गाइड म्हणतात विषय बदला." अहो, हे वाक्य २०११ साली मी माझ्या वहीत जवळजवळ असंच लिहिलं होतं. फक्त माझी गाणी बासष्ट होती. म्हणून थोडं लांबलचक लिहिते आहे, कंटाळा आला तर सरळ शेवटी जा.

आधीच सांगते, मी पेटी शिकवणारी बाई आहे, संगीतशास्त्रज्ञ नाही. तमिळ मला कामापुरतं समजतं, वाचता येत नाही. तुमच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असतील. तेव्हा माझं बोलणं जपूनच घ्या.

राजा सर (म्हणजे इळैयराजाच) कोण, पाश्चात्त्य संगीताचे गुरू धनराज मास्तरांकडे काय शिकले, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गिटारच्या परीक्षा, कुठल्याही वाद्याला हात न लावता थेट स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) लिहून काढायची सवय, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच. ते प्रस्तावनेत टाका आणि पुढे चला. परीक्षक तीच पानं वाचतात हे खरं, पण गंमत तिथे नाही.

गंमत आणि घात दोन्ही आपल्या एका शब्दात आहेत, तो म्हणजे 'चाल'. आपल्याकडे संगीतकार गाण्याला चाल लावतो. चाल एकच असते, ती गायक गातो, बाकी सगळी साथ. मग प्रभाव शोधायचा म्हणजे आपण काय करतो? गायकाची ओळ उतरवून घेतो, शेजारी बाखची ओळ मांडतो आणि जुळतंय का बघतो. मी अकरा महिने हेच केलं. भातखंडे पद्धतीने (आपली नेहमीची सारेगमची स्वरलिपी), ताल-मात्रा-खंड आखून, लाल पेनाने कोमल स्वरांखाली रेघा. बासष्ट गाणी. वही अजून आहे, अक्षर सुंदर आहे, उपयोग शून्य.

कारण बाखच्या काळातलं संगीत 'चाल कोणती' या प्रश्नाला उत्तरच देत नाही. त्याला विचारायचं असतं की चाली किती आहेत आणि त्या एकमेकींशी कशा वागतात. एक थांबली की दुसरी हलते का, एक वर चढली की दुसरी खाली येते का, एकीने टाकलेला तुकडा दुसरी उचलते का. आपल्या स्वरलिपीत एका वेळी एकच स्वर बसतो. दुसऱ्या ओळीला त्यात घरच नाही. म्हणजे मी मासे पकडायला चाळणी घेऊन गेले होते आणि नदीत मासे नाहीत असा निष्कर्ष काढून आले.

तुम्हाला सापडलेलं ते एक ठिकाण राजा सरांच्या १९८६च्या 'हाउ टू नेम इट?' या वाद्यसंगीताच्या अल्बममधलं असणार. तिथे बाखच्या ई मेजर पार्टिटाचा (एकट्या व्हायोलिनच्या रचनांच्या मालिकेचा) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, सरळ वाजतो आणि त्या रचनेचं शीर्षकच 'मला माझ्या घरी बाख भेटला' अशा अर्थाचं आहे. अल्बम कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज आणि बाख दोघांना अर्पण केलेला, व्हायोलिनवर व्ही. एस. नरसिंहन. जे दारावर पाटी लावून ठेवलंय ते 'सापडलं' म्हणण्यात काय हशील? बाखने तरी काय केलं होतं? एकट्या व्हायोलिनसाठी १७२०च्या वहीत लिहिलेला तोच प्रेल्यूड १७३१मध्ये ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठी परत वापरला. विवाल्डी या इटालियन संगीतकाराचा चार व्हायोलिनांचा कंचेर्तो (वाद्यवृंदासोबतची रचना) उचलून चार हार्प्सिकॉर्डना, म्हणजे पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यांना, दिला. त्या काळात उचलणं हा शिकण्याचा भाग होता. त्यामुळे 'चोरी की प्रेरणा' हे प्रकरण लघुप्रबंधात घालू नका, हात जोडून सांगते. माझं एक पूर्ण प्रकरण त्यात वाया गेलं.

आता माझे डोळे कसे उघडले ते. राजा सरांचं संगीत असलेला 'पा' हा हिंदी सिनेमा नुकताच येऊन गेला होता आणि क्लासला अकरा वर्षांची एक मुलगी यायची. एकदा ती पेटीवर काहीतरी वाजवत बसली होती. मी आतून ओरडले, "चुकतंय गं, 'गुमसुम गुम' असं नाहीये." ती म्हणाली, "बाई, मी वरचं नाही वाजवत, खालचं वाजवतेय." मी येऊन उभी राहिले. ती बेस गिटारची ओळ वाजवत होती, अख्खी, तोंडपाठ. तिच्या कानाला तीच चाल वाटली होती. (हे गाणं मुळात १९८२च्या 'ओळंगळ' या मल्याळम सिनेमातलं 'तुंबी वा', एस. जानकींचं. ते ऐकाच.) त्या ओळीचं वैशिष्ट्य हे की ती नुसती समेवर सा धरून बसत नाही. चालते, वळते, गायिका लांब स्वरावर थांबली की स्वतः बोलते. वेगळी काढून गुणगुणता येते. कुठलाही खालचा भाग असा सुटा काढून गाता आला की समजा, लिहिणाऱ्याने बाख बोटांतून खेळवलाय.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली, जी मी वीस वर्षं पेटी वाजवून पाहिली नव्हती. आपला डावा हात भात्यावर असतो! आपल्या वाद्यानेच आपल्याला एका ओळीची सवय लावली आहे. बाखच्या दोन भागांच्या इन्व्हेन्शन्स (पट्ट्यांच्या वाद्यासाठीच्या छोट्या रचना) आहेत पंधरा, १७२३ची स्वच्छ प्रत. त्यातली पहिली घ्या. उजवा हात म्हणतो सारेगमरेगसा, प. तो पंचमावर पोचतो न पोचतो तोच डावा हात एक सप्तक खाली तेच म्हणायला लागतो. मग दोघं तोच तुकडा पंचमावरून सुरू करतात. डावा हात साथीला नाहीच, तो बरोबरीचा गडी आहे.

आता हा कान घेऊन १९७८च्या 'चिट्टुक्कुरुवि'मधलं 'एन कण्मणि' ऐका. एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि पी. सुशीला. एक ओळ संपायच्या आत दुसरी तिच्यावर येऊन बसते, शब्द एकमेकांच्या फटींत पडतात आणि तरी गोंधळ होत नाही. मग १९८५च्या 'पगल निलवु'मधलं 'पूमालये', राजा सर स्वतः आणि जानकी. ही दोन तुमच्या प्रबंधाचा कणा आहेत. बाकी अडतीस गाणी परिशिष्टात गेली तरी चालतील, किंवा रद्दीत.

इथे एक गैरसमज. लोक म्हणतात आपल्या भजनातही टाळकरी बुवांची ओळ संपायच्या आत पकडतात, मग तेही काउंटरपॉइंट (बाखची ती दोन ओळींची बांधणी). नाही. तिथे सगळे तीच ओळ म्हणतात, फक्त उडी लवकर मारतात. वारीत दोन दिंड्या शेजारून जातात आणि क्षणभर दोन वेगळे अभंग कानावर एकत्र येतात, तेही नाही, कारण त्यांचं आपसात काही ठरलेलं नसतं. काउंटरपॉइंट म्हणजे दोन दिंड्या, दोन अभंग आणि प्रत्येक टाळीला दोघांचे स्वर एकमेकांना मानवणारे. आधी बसून लिहिल्याशिवाय हे होत नाही. म्हणूनच त्यांच्या कागदावर लिहिण्याच्या सवयीला एवढं महत्त्व आहे.

दुसरा गैरसमज व्हायोलिनचा. तीस व्हायोलिनं एकदम सुरू झाली की आपल्याकडे 'वा, बाख!' म्हणायची पद्धत आहे. बहुतेक वेळा ते बाखनंतर शंभर-दीडशे वर्षांनी आलेल्या संगीताच्या जवळचं असतं. माझं मत विचाराल तर बाख त्यांच्या व्हायोलिनांपेक्षा बेसमध्ये जास्त आहे. यावर इथे भांडण होणार हे ठाऊक आहे, होऊ दे.

रागाचा मुद्दा मात्र तुमच्या पोस्टमध्ये नाही आणि तो असायला हवा. हंसध्वनी घ्या. सा रे ग प नी. मध्यम नाही, धैवत नाही. मग कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन स्वर) किती बनतात? सा-ग-प, प-नी-रे, ग-प-नी. संपलं. चौथा कॉर्ड लावायचा तर बाहेरचा स्वर आणावा लागतो आणि राग मोडतो. शिवाय कर्नाटक पद्धतीत स्वर हलतो, आंदोलतो, त्याखाली ताठ उभा कॉर्ड ठेवला की दोघांची टक्कर होते. पण कॉर्डच्या विटा रचण्याऐवजी खाली दुसरी ओळ चालवली, तर ती ओळसुद्धा रागाचेच स्वर घेऊन चालू शकते. दोन्ही ओळी रागात, आणि एकत्र ऐकताना हार्मनीचा भास. रागात राहून पाश्चात्त्य बांधणी करणाऱ्याला बरोक (बाखच्या काळातलं युरोपीय संगीत) सोयीचं का पडलं असेल, याचं हे माझं उत्तर. सिद्ध करायला तुम्ही आहात.

आता माझा लघुप्रबंध जिथे अडला त्या कार्यालयाचा भाग. नाव घेणार नाही, त्या इमारतीत मला अजून जावं लागतं. वही मिटल्यावर मी स्टाफ नोटेशन शिकले, चार महिन्यांत, रडत. दोन गाणी पूर्ण उतरवली, गायन, बेस, व्हायोलिन, सगळ्या ओळी एकाखाली एक. सिनॉप्सिस (प्रबंधाची रूपरेषा) नेऊन दिलं. तीन आठवड्यांनी परत. शेरा: 'स्वरलेखन मान्य पद्धतीत नाही.' मी म्हटलं, मान्य पद्धतीत दोन ओळी मावत नाहीत, हाच तर विषय आहे. साहेब म्हणाले, मग विषय बदला. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा फॉर्मवर 'गायन' की 'वादन' यावर खूण करायची होती, मी दोन्हींवर केली, तर फॉर्म रद्द. तिसऱ्यांदा, संगीतकार हयात असल्याने त्यांचं संमतिपत्र आणा. मी सांगलीत, ते चेन्नईत, आणि मी काय त्यांच्या स्टुडिओच्या दारात जाऊन सही मागू? असा कुठलाही नियम नव्हता, हे मला पुढे समितीतल्याच एका बाईंनी सांगितलं. तोवर आठ महिने गेले होते. आवक-जावकच्या टेबलावर माझी फाइल पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर पितळी वजन ठेवलेलं असायचं. ते वजन माझ्या स्वप्नात यायचं, खोटं नाही सांगत.

शेवटी काय चाललं? मी मुख्य मजकुरात भातखंडे पद्धत ठेवली, पण प्रत्येक आवर्तन दोनदा लिहिलं, वर गायन आणि खाली बेस, मात्रेखाली मात्रा. स्टाफ नोटेशन परिशिष्टात. साहेबांचं समाधान झालं, माझंही काम झालं. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बहिःस्थ परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "पण मग चाल कुठून घेतली?" मी नुसतं हसले. ब श्रेणी मिळाली.

तर, प्रत्येक शेरा लेखी घ्या आणि 'कुठल्या नियमानुसार' एवढंच नम्रपणे विचारा. मी हे तिसऱ्या फेरीपर्यंत विचारलंच नाही. माझी दुसरी मोठी चूक ती.

महाराष्ट्राशी संबंध दाखवा असं गाइड म्हणाले असतील (म्हणतातच), तर सुरेश वाडकरांचं 'सदमा'तलं गाणं चिकटवू नका. तंजावरकडे बघा. त्यागराज तिरुवैयारूला राहिले ते तंजावरच्या मराठा राज्याच्या काळात. त्याच काळात बाळुस्वामी दीक्षितर व्हायोलिन शिकले आणि ते वाद्य कर्नाटक संगीतात रुजलं. त्यांचे भाऊ, कर्नाटक संगीताचे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या धूनांवर संस्कृत शब्द बसवले, त्यांतलं 'श्यामळे मीनाक्षी' म्हणून बघा, बालवाडीतलं 'ट्विंकल ट्विंकल' ओळखू येईल. पण तेही एकाच ओळीचं देणंघेणं. दुसरी ओळ लिहिणारा त्या मातीत बऱ्याच उशिरा आला.

ऐकायचं कशावर? मोबाइलच्या स्पीकरवर नाही. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, तो एवढासा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. म्हणजे तुमचा निम्मा विषय फोनमध्येच गाळला जातो. वायरवाले साधे हेडफोन चालतील. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली टाळा.

आणि पेटी असेल तर एक करून बघा. भाता दुसऱ्या कुणाला तरी मारायला सांगा आणि तुम्ही दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवा. आमच्याकडे ती मुलगी भाता मारायची. पहिल्या इन्व्हेन्शनची पहिली दोन मापं (बार), अगदी सावकाश. डावा हात पहिल्या दिवशी अजिबात ऐकणार नाही. माझा तीन आठवडे ऐकला नव्हता.

'पूमालये'च्या मी केलेल्या दोन ओळींच्या स्वरलिपीचे फोटो हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिसऱ्या आवर्तनात बेसची एक मात्रा चुकलेली आहे, ती मला परीक्षा झाल्यावर दिसली. परीक्षकांना अजून दिसलेली नाही.